मुलांनी बनवलेल्या यंत्रांवर मराठी दिसायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी आपल्या अंकात फोटोसह वाचली. मुलांचं कौतुक झालं, फार बरं वाटलं. मात्र फोटोतली बहुतेक उपकरणं लॅपटॉपला वायरने जोडलेली दिसली, आणि ज्या एक-दोन उपकरणांना स्वतःचा छोटा स्क्रीन होता त्यांच्यावर इंग्रजी मजकूर होता. हे पत्र त्याबद्दलच आहे.

मी एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यापासून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातली आणि आसपासची मुलं रविवारी माझ्याकडे आर्डुइनो, म्हणजे सेन्सर-दिवे जोडून प्रोग्रामने चालवायचा छोटा बोर्ड, शिकायला येतात. बहुतेक ठिकाणी बोर्डावरचा दिवा लुकलुकला की शिकवणं संपतं. फार तर एखादा सेन्सर जोडतात, पण त्याचा आकडा लॅपटॉपच्या ‘सिरियल मॉनिटर’मध्ये उमटतो. लॅपटॉप मिटला की यंत्र मुकं. ते घरात कुणाच्या उपयोगी पडत नाही आणि प्रदर्शन संपल्यावर माळ्यावर जातं.

खरं तर एक स्क्रीन जोडायला चार तारा पुरतात. ०.९६ इंचाचा ओएलईडी, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा स्क्रीन, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. उनो या आर्डुइनो बोर्डवर एसडीएची (माहितीची) तार ए४ ला, एससीएलची (ठोक्यांची) ए५ ला, उरलेल्या दोन, व्हीसीसी आणि जीएनडी, विजेच्या. जोडण्याआधी पिनांची नावं मात्र वाचावीत, कारण काही स्क्रीनवर व्हीसीसी आधी असतं, काहींवर जीएनडी. मुलं हमखास अडतात ती पत्त्यापाशी, म्हणजे बोर्ड ज्या आकड्याने स्क्रीनला हाक मारतो तिथे. स्क्रीनच्या पाठीवर ०एक्स७८ छापलेलं असतं आणि प्रोग्रामला हवा असतो ०एक्स३सी. चूक कुठेच नसते. छापलेल्या आकड्यात वाचायचं की लिहायचं हे सांगणारा एक बिट (० किंवा १ असा एक अंक) शेवटी धरलेला असतो, म्हणून तो बरोबर दुप्पट होतो. ‘०एक्स’वाले आकडे सोळाच्या मोजणीतले, आपल्या नेहमीच्या मोजणीत ते १२० आणि ६०. एवढं कुणी सांगितलं नाही म्हणून चांगले स्क्रीन बिघडलेले समजून परत जातात.

आमच्या वाड्यात पाणी ठरल्या वेळी येतं. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तरी खाली कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दोन भावंडांनी टाकीच्या झाकणाला आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि स्क्रीन खाली स्वयंपाकघरात मोटरच्या बटणाशेजारी बसवला. सेन्सरची तार लांब होती, म्हणून बोर्डही खालीच ठेवता आला. मोटर चालू-बंद करण्याचं काम त्यांच्या आजीचं. स्क्रीनवर ‘लेव्हल लो’ असं इंग्रजी अक्षरांत यायचं. आजी मराठी आणि गुजराती दोन्ही सहज वाचतात, इंग्रजी वाचत नाहीत. ज्यांच्यासाठी यंत्र केलं त्यांनाच ते वाचता येईना. नातीने त्याच दिवशी ठरवलं, इथे मराठीच हवी.

काही लायब्ररींमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तयार संचांत, देवनागरी अक्षरांचे फॉन्ट मिळतात. पण ही छोटी यंत्रं एकामागून एक अक्षर डावीकडून उजवीकडे ठेवत जातात, अक्षरं जोडत नाहीत. ‘रिकामी’ लिहिलं तर आधी र येतो आणि त्याची पहिली वेलांटी पुढे जाऊन क ला चिकटते. ‘अर्धी’मधला रफार ध च्या डोक्यावर चढत नाही, पाय मोडलेला र शेजारी उभा राहतो. मुलं हे बघून हसतात आणि इंग्रजीकडे परत वळतात. सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा जुना निळा एलसीडी तर मराठीच्या कामाचाच नाही. त्यात एका अक्षराला उभे आठच ठिपके मिळतात. वर वेलांटी आणि खाली उकार त्यात कुठे मावणार? आणि स्वतःची चिन्हं एका वेळी आठच ठेवता येतात.

ओएलईडीवर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके असतात, म्हणून तिथे शब्द चक्क चित्र म्हणून काढता येतो. त्या नातीने आलेखाच्या कागदावर ६४ चौकोन रुंद आणि ३२ चौकोन उंच चौकट आखली, ‘रिकामी’ हा शब्द चौकोन काळे करत चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत काढला, आणि डावीकडून आठ-आठ चौकोनांचा एकेक आकडा केला. काळा म्हणजे १, पांढरा म्हणजे ०. आठही काळे म्हणजे दोनच्या मोजणीत ११११११११, आपल्या मोजणीत २५५. शिरोरेखेच्या ओळीत सलग आठ वेळा २५५ आलं तेव्हा तिने ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ‘भरली’ काढताना तसं झालं नाही, कारण भ ची शिरोरेखा सुरुवातीला तुटलेली असते. हे तिने आकड्यांत पाहिलं. दुसरीपासून भ गिरवणाऱ्या मुलांनी त्या दिवशी तो पहिल्यांदा नीट पाहिला, असं मला वाटतं.

आठ चौकोनांचा एक बाइट, म्हणजे असा एक शब्द २५६ बाइटचा होतो. रिकामी, अर्धी, भरली मिळून ७६८. उनोची चालती मेमरी सारी २०४८ बाइट, त्यातले १०२४ स्क्रीनचं चित्र तयार करायलाच लागतात. शब्दही तिथेच ठेवले तर प्रोग्राम कंपाइल होतो, म्हणजे लॅपटॉप चूक दाखवत नाही, पण स्क्रीन काळाच राहतो. म्हणून ते प्रोग्राममध्ये ‘प्रोगमेम’ लिहून ३२ केबीच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या मेमरीत, ठेवायचे. तिथे असे कितीतरी शब्द मावतात. आता शब्द वर आणि टक्के खाली, आपल्याच अंकांत दिसतात. ओएलईडीचे सतत पेटणारे ठिपके कालांतराने मंद होतात, म्हणून बटण दाबलं तरच स्क्रीन उजळतो. आजी मोटर लावण्याआधी आता आपणहून ते बटण दाबतात.

बडोद्यात हे घडावं याचं मला विशेष वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने, आणि तिथे तंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. त्याच गावातल्या मुलाने आपल्या आजीसाठी केलेलं यंत्र तिला वाचता येऊ नये, हे मला पटत नाही.

आपल्याकडे एकच मागणं आहे. बालपानावर दर आठवड्याला आलेखाच्या चौकटीत एक मराठी शब्द छापावा, शेजारी त्याच्या ओळींचे आकडे द्यावेत. सुरुवातीला चालू, बंद, गरम, थंड, पाणी, दार असे रोजचे शब्द घ्यावेत. आमच्या मुलांनी काढलेले काही शब्द या पत्रासोबत पाठवत आहे. हवे तसे वापरावेत. मराठी मंडळांनी आणि टिंकरिंग लॅब (मुलांनी उपकरणं बनवून बघायची प्रयोगशाळा) असलेल्या शाळांनी यात भर घातली तर पुढच्या मुलांना नव्याने चौकोन रंगवावे लागणार नाहीत. ‘अर्धी’चा रफार ३२ चौकोनांत अजून थोडा दाटीचा होतो. कुणा वाचकाला तो अधिक सुबक बसवता आला तर तोही जरूर छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक
दांडिया बाजार, बडोदे