मावशी गेली, आता बाळ्याला जोडीदार कुठून आणू?

प्रिय संज्या,

मावशी गेली रे, आपली टाकीतली क्लाऊनफिश. मंगळवारी रात्री लाईट बंद करताना नेहमीच्या जागी होती, पंपाच्या मागे, आणि सकाळी खाली वाळूवर. अंगावर डाग नाही, पंख फाटलेले नाहीत, आदल्या दिवशी जेवलीसुद्धा. वय झालं होतं, दुसरं काही नाही. २०११ ला आपण क्रॉफर्ड मार्केटमधून आणली तेव्हा ती तुझ्या अंगठ्याएवढी होती, आणि टाकीतले क्लाऊन वीस वीस वर्षं जगल्याचं आपणच वाचलेलं, म्हणून मी अजून बरीच वर्षं धरून चाललो होतो. घरात कोणाला सांगू? वैशालीला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण ऑफिसमध्ये एकाला सांगितलं तर म्हणाला दुसरा आण, दोन-तीनशे रुपयाला मिळतो. त्याच्याशी त्यानंतर बोलावंसंच वाटलं नाही. तूच एक आहेस ज्याला हे पत्र लिहिता येईल, फोनवर माझ्याच्याने हे नीट झालं नसतं.

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे, आई बरी आहे. बास.

आता मुद्दा बाळ्याचा, तिच्या नराचा. तो एकटा पडलाय. दोन दिवस काही खाल्लं नाही, मग खायला लागला, पण कोपऱ्यात उभा राहून काचेकडे तोंड करून हलत राहतो, तुला माहितीय ना कसा. आणि तुला हेही माहितीय की आता तो बाळ्या राहणार नाही. सगळे क्लाऊन नर म्हणूनच मोठे होतात, जोडीतली मादी गेली की उरलेला नर काही महिन्यांत मादी होतो, आणि एकदा झाला की परत नर होत नाही. म्हणजे पुढच्या वर्षी तू येशील तेव्हा बाळ्याला बाळीताई म्हणावं लागणार, तयारी ठेव. त्यामुळे जोडीदार आणायचा तर तो लहानच हवा, इंच-दीड इंचाचा, जो अजून काहीच झालेला नाही. मोठा आणला तर दोघं एकमेकांना फाडतील.

आणि इथेच माझी झोप उडालीय. बाळ्या चौदा वर्षं एका पाण्यात आहे, त्या टाकीत कित्येक वर्षांत बाहेरचा एकही मासा गेलेला नाही. आता दुकानातून एक पिल्लू आणायचं म्हणजे त्याच्याबरोबर काय काय येईल याचा मी सतत विचार करतोय. पांढऱ्या ठिपक्यांचा इच आला, अंगावर धूळ बसवणारा वेल्व्हेट आला, कातडी सोलणारा आणि क्लाऊनला हमखास धरणारा तो ब्रूक आला, तर पिल्लू राहिलं बाजूला, बाळ्याच जाईल.

आपले ते माशांच्या दुकानाचे जुने काका आता दुकानात बसत नाहीत. गुडघ्यांनी हैराण झाले, सगळं पुतण्याच्या हातात दिलंय. काकांकडे कसं असायचं आठवतं ना, मासा मागितला की आधी ते विचारायचे टाकी केवढी, आत कोण आहे, आणि उत्तर पटलं नाही तर चक्क नाही म्हणायचे. तुला तर दोनदा हाकलला होता. पुतण्या हाकलत नाही कोणालाच, हाच प्रॉब्लेम आहे. शनिवारी गेलो होतो. सगळ्या टाक्यांवर गर्द निळे लाईट, मासे चमकतायत, पोरं मोबाईल काढून शूटिंग करतायत. मी म्हटलं बाबा पांढरा लाईट लाव जरा. निळ्या उजेडात नारिंगी माशावरचे बारीक पांढरे ठिपके आणि कातडीवरची धूळ नीट कळत नाही. लावला त्याने, तोंड वाकडं करून. क्लाऊनच्या टाकीत पंधरा-वीस पिल्लं, त्यातली तीन पंपाच्या तोंडाशी उभी, गलफडं इतकी भराभर हलतायत की मोजता येईना. एकाच्या पाठीवर कातडी सोलल्यासारखा पांढरा चिकट पडदा. ब्रूकच तो, मला शंका नाही. बाकीची ठीक दिसत होती. पण खाली सगळ्या टाक्यांना एकच संप, म्हणजे पाणी गाळायची टाकी, एकाच पाण्यात सगळी रांग फिरते, मग "ठीक दिसणारी" याला अर्थ काय राहतो सांग?

मी म्हटलं खायला घाल. हे मी अजूनही सोडलेलं नाही, मासा माझ्यासमोर खाल्ल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि नुसतं तोंडात घेऊन थुंकला तर ते खाणं नाही. त्याने फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेले बारीक झिंगे, टाकला, सहा-सात पिल्लं धावली, बाकीची जागची हलली नाहीत. डोक्यामागून पाठ बसलेली, पोट आत गेलेलं. म्हणजे वाटेत किती दिवस उपाशी होती देव जाणे. विचारलं माल कधी आला, तर म्हणे काल चेन्नईहून, कार्गोने. काल! आल्या आल्या विकायला काढला. काका पहिले आठ-दहा दिवस नवीन माल द्यायचेच नाहीत, टोकन घेऊन टाकीवर चिठ्ठी लावायचे आणि म्हणायचे जगला तर तुझा. मी तेच म्हटलं, पैसे आत्ता घे, दोन आठवडे ठेव, मग मी नेतो. म्हणाला सर, तोपर्यंत संपतील. त्याने हे विक्रीबद्दल म्हटलं असेल, पण मला दुसराच अर्थ ऐकू आला.

खारेपणा मोजायचा माझा रिफ्रॅक्टोमीटर खिशात होता. दोन थेंब पाणी घेतलं, १.०१८. आपली टाकी १.०२५ ला. मीठ वाचतं आणि परोपजीवींनाही थोडं कमी मानवतं म्हणून बरेच दुकानदार खारेपणा उतरवून ठेवतात, ते मी समजू शकतो, पण विकताना गिऱ्हाइकाला सांगायला नको? खारेपणा खाली आणणं मासा सोसतो, वर नेणं जड जातं. नवशिक्या माणूस घरी नेऊन अर्ध्या तासात टाकीत सोडणार, मासा दोन दिवसांनी मरणार, आणि तो म्हणणार खाऱ्या पाण्याचे मासे जगतच नाहीत. मग विचारलं पाण्यात कॉपरचं औषध टाकतोस का. टाकतो म्हणाला, कायम. तेही दिसतच होतं, त्या रांगेत एक गोगलगाय नाही की झिंगा नाही. कॉपरने रोग दबून राहतो, मासा दुकानात चकाचक दिसतो, आणि आपल्या कॉपर नसलेल्या पाण्यात आला की आठवड्याभरात ठिपके. आणि आपल्या टाकीत तर कॉपर टाकताच येत नाही, श्रिंप आणि गोगलगायी आधी मरतील, दगड ते शोषून ठेवतील ते वेगळंच. इच एकदा आत आला की मासा सोडून वाळूत, दगडात जाऊन बसतो, मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवायची. बाळ्याला या वयात अडीच महिने प्लॅस्टिकच्या टबात ठेवू?

यावर कळस म्हणजे निघताना तो हळूच म्हणाला, सर मागे सीहॉर्स आहेत, दाखवू? मी तिथल्या तिथे सुनावलं त्याला. समुद्रघोडा २००१ मध्येच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला, वाघाच्या रांगेत, आणि हा मागच्या खोलीत बादलीत ठेवून विकतोय. काकांच्या दुकानात! काकांना सांगावं की नाही हे कळत नाहीये. तू सांग. सांगितलं तर म्हातारा खचेल, नाही सांगितलं तर पोरगा एक दिवस आत जाईल आणि दुकानाला सील.

आता तू म्हणशील कुर्ल्याला जा नाहीतर क्रॉफर्डमधल्याच दुसऱ्या दुकानात जा. जाईन, पण तिथेही हेच सगळं बघावं लागणार. आणि तुझ्यावर त्या बाबतीत माझा विश्वास नाही, तो मॅंडरीन मासा आठवतो ना? मी सांगत होतो तो कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले ते बारीक जिवंत जीव, सोडून सहसा काही खात नाही, आपली टाकी नवीन आहे, तिच्यात पॉड नाहीत, उपाशी मरेल. तू म्हणालास इतका निळा मासा मी आयुष्यात पाहिला नाही, आणि पैसे मोजून मोकळा. सहा आठवडे तो बारीक होत गेलेला बघितला आपण. त्यानंतर आपण दिवाळीपर्यंत बोललो नव्हतो, आणि शिंदे सरांनी मध्ये पडून चहा पाजला. मला अजूनही वाटतं मी बरोबर होतो. तूही आता मान्य करशील, निदान पत्रात तरी कर.

माझ्या डोक्यात वेगळं चाललंय. पिल्लू टाकीतच जन्मलेलं हवं, समुद्रातून पकडलेलं नको. वाटेतली उपासमार कमी, पेलेट खायची सवय पहिल्यापासून, आणि खडकावरून कोणी ओढून आणलेलं नाही. क्लाऊनच्या बाबतीत हे आपल्या देशात सहज शक्य आहे, विझिंजम आणि मंडपमला सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, त्यांची पैदास कधीच बसवलीय, आणि इथे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे, खाडीच्या काठाला, फ्लेमिंगो बघायला जातात तिथेच. त्यांची पिल्लं कोणत्या दुकानात जातात ते तिथे जाऊन विचारणार आहे. दुकान कळलं की तिथेही पांढरा लाईट, मायसिस आणि रिफ्रॅक्टोमीटर, कोणाचीही ओळख असली तरी.

क्वारंटाइनची टाकी धुऊन काढलीय, माळ्यावरची ती दोन फुटी. स्पंज फिल्टर आत्तापासून मोठ्या टाकीच्या संपमध्ये टाकून ठेवलाय म्हणजे बॅक्टेरिया बसतील. पिल्लू आलं की आधी दुकानाचा खारेपणा तिथे जुळवायचा, मग रोज थोडा थोडा वर न्यायचा, आणि सहा आठवडे बाळ्याच्या पाण्याचा एक थेंबही इकडचा तिकडे नाही. जाळीसुद्धा वेगळी आणलीय. वैशाली म्हणते एवढं आयसीयू आपल्या आईच्या ऑपरेशनला नव्हतं. पण रात्री उठून तीच बाळ्याकडे बघून येते, मला माहितीय.

तरी मन मानत नाही. कधी वाटतं काहीच आणू नये, त्याला एकट्याला राहू द्यावं, निदान जिवंत राहील. मग कोपऱ्यात हलताना बघतो आणि वाटतं हे कसलं जिवंत राहणं. मासा एकटा पडतो का रे? तू तासन्‌तास बघत बसायचास त्यांना, मी फिल्टर आणि टेस्ट किटवाला. हे तुलाच कळतं, खरं सांग.

तुझं काय? काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? सईची बारावी ना यंदा, तिला म्हणावं काकाने शुभेच्छा दिल्यात आणि क्लास एकच पुरे, तीन नकोत. बडोद्याचं घर विकायचं ठरलं की नाही ते काही कळवलं नाहीस. वहिनींना नमस्कार.

एक काम कर. मावशीला आणलं त्या दिवसाचा फोटो तुझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये असणार, पिशवीतल्या मावशीचा, काका मागे उभे आहेत तो. पाठव. आणि दोन गोष्टींवर स्पष्ट मत दे, आणू की नको, आणि काकांना सांगू की नको. "बघ तुला योग्य वाटेल ते" असलं लिहू नकोस, मी आधीच फार बघितलंय. ऐरोलीला पुढच्या शनिवारी जातोय, त्याच्या आत फोन कर, नऊनंतर, पोरांचा अभ्यास झालेला असतो.

तुझा,
मन्या

ता. क. पाण्यातले क्षार मोजायचा जुना टीडीएस मीटर तुझ्याकडेच राहिलाय. आरओचं पाणी आता भरवशाचं वाटत नाहीये, कुरियर कर.