कॅमेरा कोणता ते विचारू नका, मूळ फाइल मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारीच्या छायाचित्र स्पर्धेची नियमावली आपल्या अंकात वाचली. त्यात एक नियम असा आहे की, छायाचित्र डीएसएलआर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या) कॅमेऱ्यानेच काढलेलं असावं, मोबाइलवरची छायाचित्रं बाद होतील. संयोजकांची अडचण कळते. व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेले, कडेला फुलं चिकटवलेले फोटो त्यांच्याकडे ढिगाने येत असणार. पण त्यावर काढलेला हा उपाय मला पटला नाही.

लोणंदला आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी रोलच्या जमान्यात सुरू केला, आता मी चालवते. लग्नं, डोहाळजेवणं, शाळांची गॅदरिंग आणि पासपोर्ट फोटो यांवर आमचं घर चालतं. डीएसएलआर हे माझं पोटापाण्याचं हत्यार. उद्या सगळे फोनवरच फोटो काढायला लागले तर पहिली झळ मला बसेल. म्हणजे फोनची वकिली करून माझ्या पदरात काही पडणार नाही.

माउलींच्या पादुकांना नीरास्नान झालं की सोहळा आपल्या सातारा जिल्ह्यात येतो आणि पालखी लोणंदला मुक्कामाला. त्या दिवशी नदीकाठी बायकांची साड्या धुवायची लगबग असते. वाळत घालायला जागा कुठली? मग दोघी जणी दोन टोकं धरून उभ्या राहतात, वाऱ्यावर साडी फुगते आणि गप्पा चालू. मला ही साडी खालून, पाण्याच्या पातळीवरून हवी होती. कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी ७०-२०० ची लेन्स मिळून अडीच किलोच्या आसपास वजन, त्यात गुडघाभर पाणी आणि मागून रेटारेटी. फोन मात्र उलटा धरला की लेन्स खाली येते, अगदी पाण्याला टेकेल इतकी. पडद्यावर वाकून बघताही येतं. हिरव्या साडीतून ऊन झिरपलेलं, खाली पाण्यात तोच हिरवा रंग हलतोय आणि मधोमध दोन हसरे चेहरे, असा तो फोटो आला. थोड्या वेळापूर्वी याच बायका मोठा कॅमेरा बघून पदर सारखा करून पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या. फोन बघून एक जण म्हणाली, “काढ की, पण साडीचं ठिगळ येऊ देऊ नकोस.” ठिगळ आलंय. तिला दाखवलं तर आणखीच हसली.

त्या फोटोची १२ × १८ इंची प्रिंट स्टुडिओत लावली आहे. फोन साधा १२ मेगापिक्सेलचा. फाइल ४००० × ३००० ची, म्हणजे १८ इंचांच्या बाजूला इंचामागे २२२ पिक्सेल मिळतात. हातभर अंतरावरून बघणाऱ्याला तेवढे पुरतात. वर्तमानपत्राच्या कागदाला तर त्याहूनही कमी चालतात, हे आपल्याला मी काय सांगणार!

आता दुसरी बाजू. लोणंदहून पालखी तरडगावला निघाली की वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. तिथे मी फोन पिशवीतून काढतसुद्धा नाही. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व सुटतो तेव्हा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर हवं, आणि ते कधी उघडायचं हे माझ्या बोटाने ठरवायला हवं. फोन बहुतेक वेळा एका दमात अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो आणि आपल्या हातात एकच फोटो देतो. नदी, डोंगर, देऊळ यांना हे झकास लागू पडतं. धावत्या घोड्याच्या टापा मात्र पुसट तरी होतात, नाहीतर चाराच्या पाच दिसतात. शिवाय सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीचं, गणित आहेच. फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. बऱ्याच महागड्या फोनमधला मुख्य सेन्सरसुद्धा साधारण १० × ७ चा. क्षेत्रफळात बाराएक पटींचा फरक. रात्री कीर्तनाच्या मंडपात बुवांचा स्थिर चेहरा फोन छान उजळून देतो, पण टाळकऱ्यांचे हात धुरकट होतात. (लग्नाच्या ग्रुप फोटोत वाइड लेन्समुळे कडेचे मामा आडवे पसरतात, तो वेगळाच तमाशा. तक्रार मात्र मामींची येते.)

फोनबद्दल माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. वारकरी आजीच्या कपाळावरचं गोपीचंदन दुपारपर्यंत वाळतं, त्याला बारीक भेगा पडतात, घामाने बुक्क्याचा ठिपका कडेला पसरतो. ब्यूटी मोड चालू राहिला तर फोन हे सगळं गुळगुळीत करून टाकतो, सुरकुत्यांसकट. आजी दिसते विशीतली आणि गंध स्टिकरसारखं. २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने मुद्दाम धूसर केलेला चंद्राचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि एका नामांकित फोनने त्याचा फोटो काढला, तर चित्रात नसलेले बारकावेसुद्धा उमटले. परीक्षकांना भीती वाटत असेल तर ती याची वाटावी. पण डीएसएलआरचा फोटोही कॉम्प्युटरवर घेऊन आजीला विशीत नेता येतंच की. आम्ही स्टुडिओवाले नवरा-नवरीचं रोज हेच करतो, तेही पैसे घेऊन.

हा वाद जुनाच आहे. अमेरिकेतले वृत्तछायाचित्रकार डेमन विंटर यांनी २०१० मध्ये अफगाणिस्तानात सैनिकांसोबत राहून आयफोनवर फोटो काढले, त्यांना पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला आणि गदारोळ झाला. त्यातला मुख्य आक्षेप ॲपने केलेल्या रंगकामावर होता. २०१२ च्या सँडी वादळात बेन लोवी यांनी आयफोनवर टिपलेली लाट ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. आणि २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाने अख्खा छायाचित्र विभाग बंद केला, २८ जणांना एका फटक्यात घरी पाठवलं आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं शिक्षण दिलं. घरी बसवलेल्यांत पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळवलेले जॉन व्हाइटही होते. लोवी आणि विंटर यांना फ्रेम दिसत होती म्हणून फोन पुरला. हातात फोन दिला की बातमीदारालाही ती दिसेल, हा हिशेब मालकांचा.

तसाही ‘डीएसएलआरच’ हा शब्द आता संयोजकांच्याच अंगाशी येईल. कॅनन आणि निकॉन यांचे अगदी वरच्या दर्जाचे शेवटचे डीएसएलआर २०२० मध्ये आले. त्यानंतर दोघांचंही सगळं लक्ष मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. नियम शब्दशः पाळला तर चार लाखांचा मिररलेस घेऊन आलेला पुण्यातला छायाचित्रकार बाद, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स लावलेला जुना डीएसएलआर ऑटोवर ठेवून बटण दाबणारा पात्र.

म्हणून संयोजकांना विनंती आहे की, उपकरणाची अट काढा आणि मूळ फाइलची घाला. जमलं तर रॉ (कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न केलेली फाइल), नाहीतर कॅमेऱ्यातून आली तशीच जेपेग, तारीख-वेळेच्या नोंदीसकट. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेला चालणार नाही, ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं ठळक छापा. ब्यूटी मोड आणि पार्श्वभूमी खोटी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड यांना बंदी घाला. तो मोड कानातली बुगडी अर्धी खाऊन टाकतो. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेतही शेवटच्या टप्प्यावर मूळ फाइल तपासतात. पहिल्या फेरीतून वर आलेल्या फोटोंच्या १२ × १८ च्या प्रिंट काढून परीक्षकांपुढे ठेवा. फोनचा असो की कॅमेऱ्याचा, कमजोर फोटो प्रिंटवर लगेच कळतो. मोबाइलसाठी वेगळा गट आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस, असली दया मात्र नको.

प्रवेशिकांची मुदत अजून संपलेली नाही, तेवढ्यात दुरुस्ती छापता येईल. नियम बदलला तर चांदोबाच्या लिंबाचा कॅमेऱ्यावरचा आणि नीरेच्या साडीचा फोनवरचा, असे दोन्ही फोटो पाठवीन. नाही बदलला तर रिंगणाचा एकटाच येईल.

आपली,
एक स्टुडिओचालक, लोणंद (जि. सातारा)