मिस्त्रीकाका, तुमची काच माझ्याकडे राहिली

आदरणीय मिस्त्रीकाका,

शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या आजीचं जुनं सागवानी कपाट नीट करायला पाच रविवार तुम्ही नाशिकच्या भद्रकालीहून सिटीलिंकची बस धरून इंदिरानगरला आलात. दरवेळी मी पैशाचा विषय काढला की कप पुढे करून म्हणालात, "अजून अर्धा द्या." त्यामुळे आभार मानायला माझ्याकडे हे पत्रच उरलं आहे. तुमचा नातू वाचून दाखवीन म्हणाला आहे. चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. घरात जुनं सागवान असलेल्या आणखी कुणाला तुमचं सांगणं उपयोगी पडलं तर बरंच.

जूनमध्ये रविवार कारंजावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी ड्रिलला लावायच्या साठ नंबरच्या पॉलिश पेपरच्या चकत्या मागत होते. आदल्या दिवशी आजीच्या कपाटाचं डावं दार मी त्याच मशिनने घासलं होतं. तुम्ही बिजागऱ्या घ्यायला आला होतात. माझ्या बाहीवरची हिरवी धूळ तुम्हाला दिसली आणि तुम्ही विचारलंत, "ताई, हा रंग कोरडा घासला? घरात लहान मूल आहे का?"

आहे. चार वर्षांची मुलगी आहे.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ पोरांच्या पोटात गेली तर मेंदूला इजा होते, हे तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवायचं बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून आलं. आमच्या कपाटाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्या रात्री मी लेकीला बहिणीकडे पाठवलं, तुम्ही सांगितलंत तशी झाडू न लावता सगळी गॅलरी ओल्या फडक्याने तीनदा पुसली आणि ते कपडे वेगळे धुतले. काका, बाकी सगळं एकीकडे, या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा डाव्या दारावर मशिनचे गोल गोल ओरखडे उठलेले होते. तुम्ही त्यांवरून अंगठा फिरवलात, काही बोलला नाहीत आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा तुकडा काढलात. आधी पेंट रिमूव्हर लावून, खिडक्या सताड उघड्या टाकून, हातमोजे घालून रंग फुगवायचा आणि ओला असतानाच पत्तीने उतरवायचा. खालचं लाकूड दिसलं की मग काच. ती जराशी कलती धरून आपल्याकडे ओढली की सागाची कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते आणि खोलीभर तो तेलकट वास सुटतो. माझ्या हातून पहिले दोन तास नुसता भुगा पडत होता. "जोर लाकडावर नको, काचेवर पण नको. नुसतं ओढा." नेमकं कधी जमलं ते कळलं नाही, पण पहिली अख्खी साल निघाली ती तुम्ही उचलून उजेडात धरलीत. पॉलिश पेपर त्यानंतर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने: एकशे वीस, एकशे ऐंशी, मग तीनशे वीस.

तिसऱ्या रविवारी ती रेघ दिसली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन्ही दारांवरून आणि बाजूच्या फळ्यांवरून गेलेली, पाणसळ लावून आखल्यासारखी काळी रेघ. तिच्याखालच्या प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा डाग. तुम्ही म्हणालात, "इथवर पाणी उभं होतं. लोखंड, पाणी आणि साग एकत्र आले की असं काळं पडतं." आतून माझे वडील, अण्णा आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एकोणसत्तरचं."

१९६९ चा गोदेचा महापूर. आमचा वाडा दहीपुलाजवळ होता आणि अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. पुराच्या गोष्टी त्यांनी मला कधीच सांगितल्या नव्हत्या. मी लगेच बोलून गेले, रेघ राहू दे, आठवण आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. अण्णांना विचारलंत, "दादा, तुमचं काय म्हणणं?"

"काढा," अण्णा म्हणाले. "आईला ती बघवत नसे. म्हणून तर त्या दिवाळीला तिने स्वतः बसून हा हिरवा रंग दिला."

मी ज्या रंगाला महिनाभर नावं ठेवत होते, तो आजीने असा दिला होता. तुम्ही विचारलं नसतंत तर मी माझ्या हौसेपायी ती रेघ कायमची अण्णांच्या डोळ्यांपुढे ठेवली असती. तुम्ही गुपचूप वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवलंत, ते विषारी असतं म्हणून वाटीवर खडूने फुली मारलीत आणि ब्रश अण्णांच्या हातात दिलात. काळं हळूहळू फिकं होत गेलं. मग साध्या पाण्याने चार वेळा धुतलं आणि दोन दिवस सुकवलं.

पॉलिशच्या वेळी मी पुन्हा घाई केली. लिटरभर स्पिरिटात दीडशे ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, रात्रभर भिजवला, मलमलीतून गाळला, आणि श्रावणातल्या पावसात तुमची वाट न बघता दोन हात मारले. दमट हवेने सगळं पांढुरकं झालं. फोनवर मला रडू आलं तर तुम्ही म्हणालात, "लाखेचं पॉलिश आहे ताई, ते परत विरघळतं. दसरा होऊ द्या." दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात तुम्ही स्पिरिटाचा नुसता ओलसर बोळा फिरवलात आणि तो पांढरेपणा गेला. मग कापसाच्या बोळ्याला जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि हात कुठेही न थांबवता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा. तेलाची फडकी चुरगळून टाकायची नाहीत, आपोआप पेटतात, म्हणून तुम्ही जाताना ती स्वतः दोरीवर पसरून गेलात.

दुपारी ऊन तिरपं आलं की डाव्या दारावर माझे ओरखडे अजून दिसतात. खालच्या खणात अण्णांनी त्यांची पुस्तकं लावली आहेत. वाडा सोडल्यापासून जमिनीलगतच्या खणात त्यांनी कधी काही ठेवलं नव्हतं, हे मला आईने सांगितलं.

तुमची काच माझ्याकडेच राहिली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली आहे, लेकीचा हात पोचणार नाही अशी. न्यायला याच, आणि येताना काकूंनाही आणा.

तुमची,
इंदिरानगरची ताई