अक्का, हे पत्र आईला वाचून दाखव

लेस्टर (इंग्लंड), ९ नोव्हेंबर २०२५

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार. अक्का, दाजी तुम्हाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

अक्का, परवा फोनवर तू रागावलीस आणि मग गप्प झालीस, आणि तू गप्प झालीस की मला पुढं बोलताच येत नाही हे तुला लहानपणापासून माहिती आहे, म्हणून आज लिहायला बसलो. आईला सावकाश वाचून दाखव, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झालेत, मोबाइल तिच्या हातात देऊ नकोस. इथं सगळे बरे आहोत. नोकरी, थंडी, हिचे गुडघे, सगळं तुला ठाऊकच आहे, त्यात नवीन काही नाही.

नवीन एवढंच की काल रात्री मी वाजवलं. स्टेजवर, बँडबरोबर, दीडशे माणसांसमोर. आपल्या सोलापूरच्या बाळीवेशीतल्या मांडवात १९९४ च्या गणपतीत शेवटचं वाजवलं होतं, त्याला एकतीस वर्षं झाली.

आधी तुझे प्रश्न संपवतो, नाहीतर आईचं लक्ष पुढं लागणार नाही. पाठीला काहीही झालेलं नाही, हा कीबोर्ड आठ किलोचा आहे, आपल्या घरातला गव्हाचा डबा त्याच्यापेक्षा जड असेल. बीपीची गोळी रोज घेतो, गेल्या महिन्यात तपासलं, ठीक आहे. रात्री गाडी मी चालवत नाही, ड्रमवाला सोडतो, तो रिटायर झालेला बस ड्रायव्हर आहे आणि माझ्यापेक्षा नीट चालवतो. कानात बोळे घालूनच वाजवतो, तसले मिळतात, आवाज कमी होतो पण सूर स्पष्ट ऐकू येतात. आणि आई, तिथं बार आहे हे खरंय, पण मी लिंबाचं सरबतच पितो, सिद्धरामेश्वराची शपथ. हिनं परवानगी दिलीय, नुसती दिली नाही, काल पहिल्या रांगेत बसली होती.

आता हे सुरू कसं झालं ते सांगतो. ड्रमवाल्याच्या एका दोस्ताच्या गॅरेजमध्ये जुना हॅमंड ऑर्गन आहे. अक्का, आपण ऑर्केस्ट्रात "ऑर्गनचा आवाज" म्हणून कॅसिओचं जे बटण दाबायचो ना, तो आवाज ह्या वाद्याचा. हे मशीन जवळजवळ दोनशे किलोचं आहे, चार माणसं लागतात उचलायला. ज्या हॅमंड नावाच्या माणसानं ते काढलं त्याचा धंदा मूळचा घड्याळं बनवायचा, आणि घड्याळात जी विजेची मोटर घालायचा तसलीच त्यानं १९३५ साली ऑर्गनमध्ये घातली. आत लांबलचक दांड्यावर एक्क्याण्णव छोटी दातेरी चाकं एकाच वेळी फिरत असतात, प्रत्येक चाक एक सूर. मी मागची फळी काढून आत बघितलं आणि मला एकदम मिलमधलं अप्पांचं साचाखातं आठवलं, तेच तेलाचं वंगण, तीच घरघर, एका मोटरवर सगळं फिरतंय. चालू करायला दोन खटके असतात. पहिला आठेक सेकंद दाबून धरायचा, चाकं वेगात आली की तो न सोडता दुसरा टाकायचा, आणखी चार सेकंद थांबायचं आणि मग पहिला सोडायचा. ती मोटर आपली आपण सुरू होत नाही, तिला दुसऱ्या मोटरनं पळवून द्यावं लागतं. विजेच्या फ्रिक्वेन्सीवर त्याचा सूर ठरतो, फ्रिक्वेन्सी हलली तर सूर हलतो. सोलापुरात आपल्या वेळच्या लाइटवर त्याची काय दशा झाली असती कुणास ठाऊक.

तर मी त्याच्यावर बसलो, नऊ दांड्या असतात, त्या कमीजास्त ओढून आवाज घडवायचा, मी चारपाच ओढल्या आणि नुसता एक सूर धरला. नुसता सा. जवळ स्पीकरचं एक मोठं लाकडी कपाट असतं, त्याच्या आत भोंगा गोल गोल फिरतो, आधी सावकाश, मग एक खटका टाकला की वेग घेत जातो, आणि सूर अंगावर आल्यासारखा थरथरतो. अक्का, मी तिथं परक्या माणसाच्या गॅरेजमध्ये रडलो. ड्रमवाला काही बोलला नाही, चहा घेऊन आला.

तुला आठवतं का, पुण्याच्या दोस्ताकडनं मी डीप पर्पल ह्या इंग्लिश रॉक बँडची कॅसेट भरून आणली होती आणि तू म्हणायचीस, बंद कर तो गोंगाट, अप्पा थर्ड पाळी करून झोपलेत. त्यातला जो जाडाभरडा, फाटल्यासारखा आवाज होता तो मला कैक वर्षं गिटारचाच वाटायचा. तो ऑर्गन होता. जॉन लॉर्ड वाजवायचा, त्यानं हॅमंड गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढला होता म्हणून तसा ऐकू यायचा. आणि हा जॉन लॉर्ड १९४१ साली कुठं जन्मला, तर इथं, लेस्टरमध्ये! मी चोवीस वर्षं ह्या गावात राहतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं, तो २०१२ साली वारला तेव्हासुद्धा मला पत्ता नाही. त्याच्या गावात राहून मी गोदामातल्या पावत्या तपासत होतो.

मग बँडमध्ये घेतलं त्यांनी. साठीतली माणसं आहेत सगळी, मीच त्यांच्यात लहान. रिहर्सलची खोली एका बंद पडलेल्या होजिअरीच्या कारखान्यात आहे, हे गाव म्हणजे सोलापूरच की, सगळे मोजे बनियन इथंच विणायचे, आता कारखान्यांत जिम आणि फ्लॅट झालेत. पहिल्या दिवशी मी काय केलं, तर ऑर्केस्ट्रात करायचो तेच. तिथं बास माझ्याच डाव्या हातात, व्हायोलिनं माझी, बासरी माझी, सनई माझी, कुठं जागा राहिली की भरायची हेच शिकलो होतो ना आपण. तर गिटारवाला अर्ध्यातच थांबला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, थोडी जागा आम्हालाही ठेव. मला आधी फार लागलं ते. घरी येऊन जेवलो नाही. पण खरं होतं ते. बास गिटार आहे तर माझा डावा हात तिथं लागतच नाही, दोन्ही मिळून नुसता गाळ होतो. तीन आठवडे मी डावा हात मांडीखाली दाबून सराव केला. कधी वाजवायचं नाही हे मला छपन्नाव्या वर्षी शिकावं लागलं.

आणि अक्का, इतक्या वर्षांनी कामाला आली ती पेटी. ह्या ऑर्गनवर जोरात दाबलं तरी आवाज तेवढाच आणि हळू दाबलं तरी तेवढाच, बोट उचललं की सूर तिथल्या तिथं तुटतो. म्हणजे एक बोट उठायच्या आत दुसरं बसलं पाहिजे. पियानो शिकलेल्या माणसांना हे जड जातं म्हणे, मला नाही गेलं, भजनी मंडळात बुवांनी हेच तर शिकवलं होतं, सूर सांडू देऊ नको. पेटीला भाता असतो तसा इथं उजव्या पायाखाली पेडल, लहानमोठा आवाज त्याच्यानं करायचा. बोटं अजून पहिल्यासारखी धावत नाहीत, करंगळी सकाळी आखडलेली असते, कोमट पाण्यात धरतो. पण हात विसरलेले नाहीत, बघ.

एक गोष्ट मात्र नीट समजावून सांगितली पाहिजे, कारण हिनं फोटो टाकला त्यावरून तू विचारलंस की माझ्या हातात ते मटणाचं ताट काय आहे. ऐक. हा क्लब म्हणजे कामगारांचा जुना क्लब आहे, आणि इथं पद्धत अशी की बँड कितीही रंगात आलेला असू दे, ठरलेल्या वेळेला थांबायचं. का, तर बिंगो. बिंगो म्हणजे आपली हौजी, तेच तिकीट, तीन ओळी, पंधरा आकडे, एक ते नव्वद. गाणी चालू असताना लोक गप्पा मारतात, उठतात, बारवर जातात, त्याचं कुणाला काही नाही. पण आकडे सुरू झाले की टाचणी पडली तरी ऐकू येईल. कुणी कुजबुजलं तर म्हाताऱ्या बायका अशा वळून बघतात की बास. मी आपला कीबोर्डची वायर काढायला गेलो, जरा खुट्ट झालं, तर तिघीचौघींनी एकदम श्श केलं. आणि नुसते आकडे म्हणत नाहीत, प्रत्येकाला नाव आहे, अकरा म्हणजे दोन पाय, बावीस म्हणजे दोन बदकं, अठ्ठ्याऐंशी म्हणजे दोन जाड्या बायका, आणि ह्यात कुणाला राग येत नाही. ते संपलं की सोडत. सोडतीचं बक्षीस काय, तर मटण. खाटकाकडनं बांधून आणलेलं कच्चं मटण, ताटात रचून, वर प्लास्टिक. बँडवाल्यांनाही तिकीट देतात, नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि काल नेमका माझा नंबर लागला. म्हणून ते ताट हातात. ते मी तिथल्या तिथं ड्रमवाल्याला देऊन टाकलं, आई, घरात आणलेलं नाही, हात धुतले, गाडीतसुद्धा ते त्याच्या डिकीत होतं. फोटो काकूंना दाखवू नकोस एवढं कर.

बिंगोनंतर दुसरा भाग वाजवला. शेवटून दुसऱ्या गाण्यात मला सोळा मात्रांचे चार फेरे एकट्याला होते. मी सावकाशीनं सुरू केलं, भोंगा सावकाश, मग खटका टाकला आणि तो वेग घेत गेला. खरा भोंगा नाही, माझ्या कीबोर्डमध्ये त्याची नक्कल असते, पण अंगावर तसाच येतो. तेव्हा मला मागं दाराजवळ अप्पा दिसले. म्हणजे दिसले नाहीत, पण त्या जागी मी बघत होतो. गणपतीत ते दुसरी पाळी सुटल्यावर तसेच यायचे ना, हातात डबा, कपड्यावर कापसाचे तंतू, मांडवात आत कधी बसायचे नाहीत, खांबाला टेकून उभे. वाजवून झाल्यावर मी बघायचो तर गेलेले असायचे.

आता जे लिहायचं होतं ते. फोनवर तू म्हणालीस, "माझ्या लग्नात तुझा कीबोर्ड गेला, ते मी आयुष्यभर विसरले नाही, आता तू परत वाजवतोयस तर मी कोण नको म्हणणार." अक्का, ते पूर्ण खरं नाही. कीबोर्ड अकरा हजाराला गेला. तुझ्या लग्नात मी सहा दिले. पाच माझ्याकडं ठेवले, पासपोर्टचे आणि मुंबईच्या त्या एजंटचे. अप्पांनाही ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी मला विक म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं. मिल बंद पडली, ते दिवसभर घरात बसायला लागले, सकाळचा भोंगा थांबला, आणि मला त्या घरात कीबोर्डचा आवाज काढायची लाज वाटायला लागली. म्हणून विकला. तू एकतीस वर्षं माझे उपकार मानत आलीस आणि मी ते मानू दिले. आईला हा भाग वाचून दाखवायचा की नाही ते तू ठरव.

आता पैशाचं. हा कीबोर्ड सेकंडहँड घेतला, लाल रंगाचा, स्वीडनचा नॉर्ड, साडेआठशे पौंडांना, म्हणजे आपले लाखाच्या आसपास. ते तू हिशोब करून काढलंच असशील. ऑगस्टमध्ये घेतला, आणि सप्टेंबरात तुम्ही गच्चीखाली बादल्या लावून बसला होतात, सीनेला पूर आला, मामांच्या शेतात पाणी शिरलं, तेव्हा मी इथं रोज संध्याकाळी सराव करत होतो. मला ते कळत नाही असं समजू नकोस. गच्चीचे ऐंशी हजार उद्या टाकतो, मिस्त्रीला सांग ह्या वेळी डांबर नको, नीट वॉटरप्रूफिंग कर. मामांना वेगळे वीस पाठवतोय, त्यांना तुझ्याकडनं म्हणून दे, माझ्याकडनं घेणार नाहीत. एका कार्यक्रमाचे साठ पौंड मिळतात, ते मी घरात धरत नाही, पिंकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवतोय.

पिंकीचं ठरलं ह्याचा इतका आनंद झालाय, मुलगा फोटोत शांत वाटतो, दाजींनी चौकशी केलीच असेल. सोनं सव्वा लाखाच्या आसपास गेलंय, तरी गंठण मामाकडनंच, ते ठरलेलं आहे, त्यात दाजींनी मधे बोलायचं नाही. लग्नाला फेब्रुवारीत तीन आठवडे येतोय, दोघांची तिकिटं काढलीत, मुंबईहून सिद्धेश्वरनंच येऊ, वंदे भारत नको, मला रात्री कुर्डुवाडीला जाग येते ती हवी.

साखरपुड्याला तीस तारखेला मात्र येत नाही. तुला सांगितलं की सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळाली असती, अक्का. एकोणतीसला आमचा कार्यक्रम आहे आणि मी होय म्हणून बसलो होतो तुझा फोन यायच्या आधी, आणि फोन आल्यावर नाही म्हणू शकलो असतो, पण म्हटलं नाही. पिंकीला मीच सांगतो, तू सांगू नकोस. त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल आईच्या शेजारी टेकवून ठेव, मी सकाळी सहालाच उठून बसतो.

शेंगाची चटणी पाठवू नका, मागची अजून आहे. आईच्या डोळ्याचे थेंब दिवसातनं चार वेळा, विसरायचे नाहीत.

तुझा,
बाळू