डायजेस्टरमधून निघालेले पाणी शुद्ध नसते

महोदय,

कालच्या अंकात पान ३ वर डिस्टिलरीचे सांडपाणी ‘बायोगॅस प्रकल्पात शुद्ध होऊन’ शेतीला मिळणार, अशी बातमी आहे. वाचून संताप आला. एका डिस्टिलरीच्या डायजेस्टरवर, म्हणजे सांडपाण्यापासून बायोगॅस करणाऱ्या बंद टाकीवर, केमिस्ट म्हणून मी चोवीस वर्षे काढली. तिथे पाणी शुद्ध होत नाही, हे वार्ताहराने कुणाला तरी विचारायला हवे होते.

साखर काढून उरणाऱ्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, निघतो. त्याचा बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, त्याचे माप) लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम. गावच्या गटारीचा दोन-तीनशे असतो. हवेशिवाय जगणारे जिवाणू यातला ८० ते ९० टक्के बीओडी खातात आणि मिथेन देतात. तो गॅस बॉयलरला जातो, इंधन वाचते. हे काम मोलाचेच आहे, माझा संसार त्यावर चालला. पण मागे पाच-सहा हजार बीओडी उरतो आणि नदीत सोडायची मर्यादा आहे ३०. मेलॅनॉइडिन या रंगद्रव्याचा तपकिरी रंग जवळपास तसाच राहतो, क्षारही तसेच. म्हणून तर उद्योगांसाठीच्या २००३ च्या सनदेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिस्टिलऱ्यांना नदीनाल्यात विसर्ग पूर्ण बंद करायला सांगितले.

आणि हे जिवाणू फार नाजूक. १९९८ च्या हंगामात आमच्याकडे उत्पादन वाढले आणि डायजेस्टरचे फीड, म्हणजे त्यात रोज सोडायचा स्पेंटवॉश, एकदम वाढवले. चौथ्या दिवशी माझ्या तपासणीत आम्ल चढलेले दिसले, पीएच साडेसहाच्या खाली आला, गॅस निम्म्यावर. फीड तोडा, असे मी लेखी दिले. वरून उत्तर आले, ‘हंगाम थांबवता येत नाही.’ आठवड्यात डायजेस्टर आंबला. शेणाची स्लरी आणि चुना घालून तो रुळावर यायला दोन महिने लागले. तोवर सगळा कच्चा स्पेंटवॉश मातीच्या लगूनमध्ये, म्हणजे उघड्या तळ्यात. खाली अस्तर नव्हते.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझ्या चुलतभावाच्या विहिरीला चहासारखे पाणी आले. बैल तोंड लावून मागे सरायचे. वहिनी दीड किलोमीटरवरून हंडे आणायची. दादाने मला एकदाच विचारले, ‘तुला माहीत होतं ना रे?’ माहीत होते. नोंदवहीत रोज माझीच सही होती. विहीर अजून वापरात नाही.

म्हणून बातमीतल्या शेतकऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पाणी घेण्याआधी बीओडी, विद्युतवाहकता (त्यावरून क्षार कळतात) आणि सोडियमचे आकडे लेखी मागा, एकरी किती द्यायचे तेही मागा. त्यात पोटॅश आहे, हे खरे. पण हिशेब सोडून दिले तर जमीन खारावते. हे आकडे तुम्ही छापायला हवेत.

जाता जाता आणखी एक. नदीत मासे मेले की तुमच्याकडे दर वेळी ‘मळीमिश्रित पाणी’ असे छापून येते. मळीला भाव असतो, ती टाकीत जपून ठेवतात. ओढ्यात येतो तो स्पेंटवॉश. तोच शब्द लिहा, आमच्या भागात शाळकरी पोरांनाही तो कळतो.

– एक निवृत्त केमिस्ट, जि. सोलापूर