काकू, कांडीवरच्या आठ रेघांबद्दल आभार

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "अगं, बिस्किटं ती काय!" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारखीच कुणी नव्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडे राहायला आली असेल आणि लोण्याच्या मापाने रडकुंडीला आली असेल, तर तिलाही तुमचं सांगणं कळेल.

आधी एक खुलासा करते, नाहीतर तिकडचे नातेवाईक चहात बुडवायची बिस्किटं समजतील. इथलं बिस्किट म्हणजे तळहाताएवढा, दोन इंच फुगलेला, मऊ, खारट पाव. पाव म्हटलं तरी त्यात यीस्ट नसतं, बेकिंग पावडर आणि आंबट घट्ट ताक असतं. तव्यात एकाला एक चिकटून ओव्हनमध्ये भाजतात आणि टेबलावर आल्यावर हाताने सोडवून घेतात. चांगलं झालं असेल तर एकेक बिस्किट आडवंही सुटतं, पदरापदराने. नॉर्थ कॅरोलायनात ते सकाळच्या न्याहारीला पांढऱ्या ग्रेव्हीबरोबर किंवा मधाबरोबर खातात.

कॅलिफोर्नियात सॅन होजेला असताना मला ती बरी जमायची. इथे लोणी कागदात गुंडाळलेल्या चौकोनी कांड्यांत मिळतं. दोन कप मैद्याला लोण्याची पाऊण कांडी, एवढंच डोक्यात होतं. लोणी घरी आणलं की मी कागद काढून काचेच्या डब्यात ठेवायचे आणि कांडीवर बोटं ठेवून कापायचे. तीन बोटं म्हणजे पाऊण कांडी. इथे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आलो, तीच बोटं, तीच कृती, आणि बिस्किटं वातड. वरून तडे गेलेली, आतून पिठूळ. पुढच्या खेपेला रागाने सव्वा कांडी घातली. लोणी तव्यात उतरलं, बिस्किटं त्यात बुडून तळली गेली, जळक्या लोण्याचा धूर झाला आणि घरातला भोंगा वाजला. लेकीने नव्या शाळेत वर्गाच्या न्याहारीसाठी "बिस्किटं मी आणते" असं सांगून ठेवलं होतं. नव्या वर्गात तिने आपणहून तोंड उघडायची ती पहिलीच वेळ. त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज कापत होता, हे तुम्ही ओळखलं होतंत.

तुम्ही एकच विचारलंत, "मैदा किती ग्रॅम?" मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, "थांब, येते." आणि अर्ध्या तासात दारात. एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात तुमचा बिडाचा तवा.

आधी तुम्ही माझे दोन कप तोलले. मी कप पिठात खुपसून दाबून भरत होते, ते 300 ग्रॅमच्या घरात गेलं. हलक्या हाताने चमच्याने भरून वरून सुरी फिरवली तर 250. म्हणजे लोण्याचं गणित बिघडायला सुरुवात मैद्यापासूनच होत होती. मग लोण्याची कांडी काट्यावर ठेवलीत, 113 ग्रॅम, आणि विचारलंत की कॅलिफोर्नियातली कांडी कशी दिसायची. आखूड आणि जाड, मी म्हटलं. तुम्ही हसलात. पश्चिमेकडे कांडी बुटकी असते, इकडे पूर्वेकडे लांब आणि बारीक. वजन तेच. बुटक्या कांडीवर माझी तीन बोटं म्हणजे 85 ग्रॅम व्हायची, लांब कांडीवर तीच तीन बोटं जेमतेम 55. इतकी वर्षं या देशात राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुस्तकातून ते मला कधीच कळलं नसतं.

नंतर तुम्ही जे सांगितलंत ते मी फ्रिजवर लिहून लावलंय: मैदा तीन भाग, लोणी एक, ताक दोन, आणि तिन्ही वजनाने. 250 ग्रॅम मैद्याला साधारण 83 ग्रॅम लोणी. कांडीच्या कागदावर चमच्यांच्या आठ रेघा असतात, रेघ म्हणजे 14 ग्रॅम. सहा रेघा पिठात, एक तव्यात खाली, एक भाजून निघाल्यावर वरून. एका घाण्याला एक कांडी, उरत काही नाही. ही वाटणी कळली तिथे माझं अर्धं काम झालं. तव्यातलं आणि वरचं लोणी मी आजवर पिठाच्याच हिशेबात धरत होते, म्हणून कधी आत कमी पडायचं, कधी जास्त व्हायचं.

मी लोणी पातळ करायला ठेवणार होते. तुम्ही माझा हात धरलात. "करंजीच्या पारीला कडकडीत मोहन घालतो ते कशाला? मैद्याच्या कणाकणाला लागावं, मुठीत मुटका वळावा आणि पारी खुसखुशीत व्हावी म्हणून. इथे तुला खुसखुशीत नकोय, इथे पदर सुटायला हवेत. चिरोट्यांचा साटा आठव." काकू, त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोळ्यांच्या मध्ये साटा वेगळा राहतो म्हणून चिरोटा उमलतो, तसंच हे गार लोणी पिठात वेगळं राहायला हवं. लोण्यात सहावा हिस्सा तरी पाणी असतं. कडक भट्टीत त्याची वाफ होते आणि ती वाफ पदर वर उचलते. लोणी आधीच वितळलं तर ते मैद्यात मुरतं, मग वाफेला जागाच राहत नाही.

तुमचे हात अजून डोळ्यांसमोर आहेत. नळाखाली गार पाण्यात धरलेत, पुसलेत, मग परातीत लोण्याचे चौकोनी तुकडे मैद्यात घोळवून एकेक अंगठ्याने चेपलात. रुपयाच्या नाण्याएवढ्या चपट्या पाकळ्या झाल्या. एखादी पाकळी बोटाला चिकटायला लागली की परात सरळ फ्रीजरमध्ये. ताक ओतून गोळा जेमतेम जमला, मळायचा नाहीच म्हणालात. लाटला, पत्रासारखी तिहेरी घडी घातली, पुन्हा लाटला, असं तीनदा. लाटताना पिवळे ठिपके दिसत होते. "हे दिसतात ना, हेच तुझे पदर." वाटीने गोल पाडायला गेले तर म्हणालात, "वाटी फिरवलीस की कडा बंद होतात. सुरीने चौकोन काप, सरळ खाली." मग नऊ चौकोन तव्यात खांद्याला खांदा लावून बसवलेत, म्हणजे बाजूला पसरायला जागा नाही, वरच फुगायचं. दहा मिनिटं तवा फ्रीजरमध्ये, आणि मग 425 फॅरनहाइटवर वीस मिनिटं.

मैद्याबद्दलही तुमचं ऐकलं. इथल्या दुकानातला 'व्हाइट लिली' आणला, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला 1883 साली सुरू झालेल्या कंपनीचा. मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा, त्यामुळे बिस्किट चिवट होत नाही. पण खरं सांगायचं तर साध्या मैद्यानेही जमतं. लोणी चुकलं तर मात्र कुठलाच मैदा सांभाळून घेत नाही, हे माझं आता ठाम मत आहे.

नाशिकच्या बहिणीलाही हे शिकवलं. तिच्याकडे अमूलची 100 ग्रॅमची वडी मिळते, म्हणून तिला 225 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम लोणी पिठात आणि उरलेलं तव्यात नि वरून, असं सांगितलं. ते लोणी खारट असतं, म्हणून पिठात मीठ घालायचं नाही. इथल्या ताकाएवढं घट्ट ताक तिथे नसतं, तर दह्यात थोडं पाणी घालून फेटायचं. मे महिन्यात तिने मैदासुद्धा फ्रीजरमध्ये ठेवला. फोटो पाठवलाय, पदर मोजता येतात.

आणि शुक्रवारची न्याहारी. लेकीने तवा स्वतः वर्गात नेला, मी दारापाशी उभी होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीने एक बिस्किट ओढून सोडवलं, मधून उघडलं, आणि वाफ आली तेव्हा दोघी एकदमच "ओह" म्हणाल्या. त्या मुलीने अर्धं माझ्या लेकीच्या हातात दिलं. ती मुलगी येत्या रविवारी आमच्याकडे खेळायला येणार आहे.

तुमचा तवा घासून, तेलाचा हात फिरवून कट्ट्यावर ठेवलाय. शनिवारी दुपारी आणून देते, सोबत नऊ बिस्किटं. काकांना मधाबरोबर आवडतात ना? मधाची बाटलीही आणते.

तुमची,
दोन गल्ल्या पलीकडची लेक