पाडव्याचं पत्र, रिचमंड हिलहून

रिचमंड हिल, ओंटारिओ, कॅनडा
22 मार्च 2023

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आज सकाळी गुढी उभारली. गॅलरीत वारा इतका होता की तांब्या दोनदा सुतळीने आवळावा लागला. आई, तू दिलेला हिरवा खण लावला आहे. कडुनिंब काही मिळाला नाही, गाठी मात्र गेल्या खेपेच्या शिल्लक होत्या. फोटो आईच्या फोनवर पाठवते.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. ऑक्टोबरात फोनवर आपलं जे झालं ते तसंच राहून गेलं आहे. बाबा, तेव्हापासून दर रविवारी तुम्ही थंडी किती पडली एवढं विचारता आणि फोन आईकडे देता. फोनवर मला धड बोलता येत नाही, लगेच रडू येतं. म्हणून पत्र.

तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांच्या देशाच्या भानगडीत तू कशाला पडतेस? फोटो कुठे छापून आला तर?" तेव्हा मी तावातावाने काहीतरी बोलले, त्याची माफी मागते. इथल्या इराण्यांच्या मोर्च्याला गेले, त्याची मात्र नाही. का गेले ते नीट सांगते.

आमच्या मजल्यावर शेजारी ज्या खानम राहतात, त्यांच्याबरोबर मी गेले होते. आईला त्या माहीत आहेत; गेल्या वर्षी मला ताप आला तेव्हा चार दिवस सूप पाठवत होत्या त्या. साठीच्या आहेत, इराणमधल्या इस्फहानच्या. इथे येऊन तीस वर्षं होत आली. आमच्या भागात यंग स्ट्रीटवरून चालत गेलं की पाट्या फारसीत दिसायला लागतात: दातांचे डॉक्टर, वकील, मिठाई, आणि 'सराफी'. पहिल्यांदा वाचून घेतलं तेव्हा मला वाटलं सोन्याचं दुकान असेल. पण सराफी म्हणजे पैसे पाठवायची जागा. निर्बंधांमुळे इथल्या बँकेतून इराणला पैसे जात नाहीत, म्हणून खानमना त्यांच्या आईच्या औषधाचे पैसेही सराफीतूनच पाठवावे लागायचे. 'अब्रू' हा शब्दही त्यांच्याकडे आहे, 'आबेरू', आणि अर्थ अगदी तोच. खानम म्हणाल्या, आमच्याकडे पोरींना सगळ्यात आधी हाच शब्द शिकवतात.

मोर्चा 1 ऑक्टोबरला होता, शनिवारी. त्याच्या पंधरा दिवस आधी, 16 सप्टेंबरला, तेहरानमध्ये महसा अमिनी गेली. बावीस वर्षांची कुर्दी मुलगी, घरी तिला जिना म्हणत. केस नीट झाकले नाहीत म्हणून पोलिसांनी धरलं आणि कोठडीतून ती इस्पितळात पोचली ती बेशुद्धच. त्या शनिवारी रिचमंड हिलच्या रस्त्यावर 50,000 हून जास्त माणसं होती, हा आकडा इथल्या पोलिसांचा. बाबा, रीतसर मोर्चा होता, पोलीसच रस्ता अडवून उभे होते. मला कसलाही धोका नव्हता. धोका खानमना होता.

त्या मोठा काळा चष्मा, टोपी आणि मास्क लावून आल्या होत्या. कोण फोटो काढतंय, कोणासाठी काढतंय, सांगता येत नाही. मागच्याच वर्षी जानेवारीत तेहरानचा एक माजी पोलिसप्रमुख इथल्या व्यायामशाळेत व्यायाम करताना कोणीतरी टिपला होता. ज्याला घाबरून देश सोडायचा तोच शेजारच्या यंत्रावर दिसायचा! म्हणून इथे नवीन ओळख झाली की पहिल्या चहाला कोणी राजकारण काढत नाही. "जन, जिंदगी, आझादी" असा घोष चालला होता. मूळ घोषणा कुर्दी, पण फारसीतली आपल्यालाही कळते. जन म्हणजे बाई, आपल्या 'जनान्या'तला. अर्ध्या वाटेवर खानमनी चष्मा काढला, मग मास्क काढून पर्समध्ये ठेवला आणि माझा हात धरला. हात गार पडला होता. मी त्यांना काही विचारलं नाही. तुम्हाला आला तो फोटो त्यानंतरचा.

इथल्या इराण्यांच्यात एकी आहे असं मात्र समजू नका. इराणच्या जुन्या राजाच्या, शहाच्या, काळचा सिंह-सूर्याचा झेंडा घेऊन येणारे आहेत, आणि त्याच शहाच्या तुरुंगात राहिलेलेही आहेत. खानमच्या यजमानांनी तर झेंडा पाहिला की रस्ता ओलांडावा, इतकं आहे. पण 8 जानेवारीला सगळे एकत्र येतात. 2020 साली त्या दिवशी पहाटे तेहरानहून कीव्हला निघालेलं विमान इराणच्याच सैन्याने, क्रांतिरक्षकांनी, क्षेपणास्त्रांनी पाडलं. 176 जण गेले, त्यातले 138 पुढे कॅनडाला येणार होते. कितीतरी जण सुट्टीत घरी जाऊन परतणारे विद्यार्थी होते. कॅनडाहून इराणला सरळ विमान नाही आणि कीव्हमार्गे तिकीट स्वस्त पडायचं, एवढंच कारण. तीन दिवस सरकार विमानात बिघाड झाला म्हणत राहिलं. ऑक्टोबरचा मोर्चा ज्यांनी बोलावला, त्या हामेद इस्माइलियोन यांची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी त्याच विमानात होत्या.

आता जानेवारीतलं सांगते. हे तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं.

खानमची आई इस्फहानमध्ये गेली, शहाऐंशी वर्षांची होती. खानम दर दोन वर्षांनी जायच्या, या वेळी गेल्या नाहीत. चेहरा उघडा ठेवून मोर्च्यात चालल्या होत्या ना. इराण दुसरं नागरिकत्व मानत नाही. तिथे उतरलं की तुम्ही फक्त इराणी, आणि 2012 पासून तिथे कॅनडाचा दूतावासही नाही. साधा इराणी पासपोर्ट नवा करायचा तर कागद वॉशिंग्टनला पाठवावे लागतात. पाकिस्तानच्या दूतावासाच्या आसऱ्याने तिथे इराणचं एक कार्यालय चालतं. झहरा काझेमी नावाच्या कॅनेडियन छायाचित्रकार बाईंना 2003 मध्ये एविन तुरुंगाबाहेर फोटो काढताना पकडलं, आणि त्या कोठडीत मारल्या गेल्या. इथल्या प्रत्येक इराणी घरात ते नाव माहीत आहे. खानमच्या भावानेच फोनवर सांगितलं, येऊ नकोस.

रात्री अडीचला त्यांनी माझं दार वाजवलं. यजमान कामासाठी बाहेरगावी होते. साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला होता आणि त्यात दफन चाललं होतं. भाचा फोन हातात धरून चालत होता, त्यामुळे कधी चपला दिसायच्या, कधी आभाळ. तिकडचं नेट सारखं अडकायचं. माती लोटायच्या वेळी चित्र थांबलं ते थांबलंच. खानम पाच मिनिटं त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसल्या. मग उठल्या, कणीक काढली आणि तेलात भाजायला घेतली. मला वाटलं शिरा करताहेत. त्यांच्याकडे माणूस गेलं की केशर आणि गुलाबपाणी घालून हलवा करतात, खजुराबरोबर वाटतात. पहाटेपर्यंत ढवळत होत्या. मी नुसती बसून होते. 'घोर्बत' हा शब्द त्यांनी तेव्हा सांगितला, परक्या देशातलं एकटेपण. मला आपला शब्द सुचला नाही.

बाबा, त्या रात्री मला तुमचा मित्र आठवला.

लहानपणी तुम्ही गुडलकमध्ये नेलंत की बनमस्का येईपर्यंत त्याच्या गोष्टी सांगायचात. तुमच्या वर्गातला इराणी. तेव्हा पुण्यात किती इराणी मुलं शिकायला असायची, तो मराठीत शिव्या कशा शिकला, तुमच्या सायकलवर डबलसीट कसा बसायचा. 1979 मध्ये शहा पळाला तेव्हा तो परीक्षा न देता निघाला. देश आता आमचा झाला म्हणत पेढे वाटून गेला. एक पत्र आलं, नंतर काही नाही. गोष्ट तिथेच थांबायची आणि तुम्ही बिल मागवायचात. पुढे काय झालं असेल, हे मी कधी विचारलं नाही. पण आता मला इथल्या लोकांकडून कळलं आहे की 1980 मध्ये तिथली विद्यापीठं बंद केली, त्याच वर्षी इराकशी युद्ध लागलं ते आठ वर्षं चाललं, आणि 1981 पासून त्याच्यासारख्या शिकलेल्या पोरांना किती संख्येने फाशी दिलं. तुम्ही पेपर वाचणारे, तुम्हाला हे सगळं तेव्हाच माहीत होतं ना? ऑक्टोबरात फोनवर तुमचा आवाज चढला, तो माझ्या नोकरीच्या काळजीने नव्हता, असं मला आता वाटतं. चूक असेल तर सांगा.

परवा, सोमवारी, इराण्यांचा नवरोज झाला. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तोच क्षण त्यांच्या वर्षाचा. यंदा आमच्या घड्याळात संध्याकाळी 5 वाजून 24 मिनिटं, तेव्हा पुण्यात तुम्ही गाढ झोपेत असाल. यंदा सण करावा की नाही यावर घरोघरी वाद होते. महसा गेल्यानंतरच्या निदर्शनांत तिकडे पाचशेवर माणसं मारली गेली आहेत, डिसेंबरपासून पोरांना फाशी देताहेत. खानमनी शेवटी मेज मांडलं. फारसीत 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू असतात: लसूण, सफरचंद, सिरका, सुमाक, वगैरे. ताटलीत उगवलेले गव्हाचे अंकुर अगदी आपल्या घटासारखे. सामनू म्हणून एक असतं, ते मोड आलेल्या गव्हाचं. गव्हाच्या चिकासारखं दाट, पण साखरेचा कणही नाही आणि तरी गोड. आई, तुला ते फार आवडेल. आरशाजवळ खानमच्या आईचा फोटो, आणि त्याच्यापुढे कागदाची होडी. होडी कियान पिरफलक या नऊ वर्षांच्या पोराची. त्याने होडी बनवून व्हिडिओ केला होता, "इंद्रधनुष्याच्या देवाच्या नावाने" अशी सुरुवात करून. नोव्हेंबरात इराणमधल्या इझेह शहरात घरच्या गाडीत बसलेला असताना त्याला गोळी लागली.

मेजावर जागा शिल्लक होती. खानम म्हणाल्या, तुझं कोणी असेल तर ठेव.

बाबा, तुम्ही त्याला नेहमी नुसतं 'इराणी' म्हणायचात. त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, मला लिहून पाठवा. गाव आठवत असेल तर तेही. ते एक पत्र काळ्या ट्रंकेत असेल तर त्याचा फोटो पाठवा. फारसी मजकूर असला तर खानम वाचून देतील. इथे त्या पिढीची माणसं आहेत, परदेशात शिकून परत गेलेली आणि पुन्हा निसटलेली. एकमेकांचे पत्ते ती अजून शोधत असतात. काय उत्तर मिळेल ते आत्ता नाही सांगता येत. पण नाव पाठवा.

आई, ट्रंक माळ्यावर आहे. बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस, खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलाव.

तुमची,
थोरली